त्या रविवारी ट्रॅक कोरडा होता

बाबांना स्टॉक कारचा नाद होता, हे आपल्या माणसांत सांगायची मला बरीच वर्षं लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील क्रिकेट बघायचे, एखादीचे हार्मोनियम वाजवायचे. आमचे बाबा मार्च ते ऑक्टोबर, जमेल त्या रविवारी, जुना कोट अंगात चढवून लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डपासून तासाभरावरच्या एका जुनाट स्टेडियममध्ये तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे राहायचे. आठवडाभर तिथे कुत्र्यांच्या शर्यती चालत, रविवारी गाड्यांच्या. गाड्या म्हणजे काय, तर लोखंडी पाइपांचा सांगाडा, पुढे-मागे जाडजूड बंपर आणि आत ट्रकला शोभेल असं इंजिन. मैदान अंडाकृती, त्यावर तपकिरी दगडाचा चुरा पसरलेला, त्याला शेल म्हणायचे. वीस-पंचवीस गाड्या एकदम सुटायच्या आणि पुढच्याला बंपरने ढकलत वाट काढायच्या. ढकलणं नियमात बसतं. खरं सांगायचं तर लोक त्यासाठीच येतात. फार पाऊस होऊन मैदानात पाणी साचलं तरच शर्यती रद्द व्हायच्या, बाकी थंडी-वाऱ्याला कोणी भीक घालत नसे. वळणावर गाड्या आडव्या झाल्या की शेलचा फवारा कुंपणावरून थेट आमच्या अंगावर यायचा आणि बाबा गॉगल पुसत माझ्याकडे बघून हसायचे. घरात इतकं मोकळं हसताना मी त्यांना फारसं पाहिलेलं नाही.

हा नाद लावला ब्रायनने. वॉटफर्डमध्ये तेव्हा छापखाने जोरात होते आणि ब्रायन बाबांच्याच पाळीला, त्यांच्याच मशीनवर असायचा. बाबांचं नाव हरिभाऊ. ब्रायनने पहिल्याच आठवड्यात त्याचं हॅरी करून टाकलं आणि तेच चिकटलं. मशीनच्या आवाजात दोघं वर्षानुवर्षं खाणाखुणांनी बोलत आले होते, त्यामुळे इंजिनांच्या गर्जनेतही त्यांच्या गप्पा सुरळीत चालायच्या. मी मध्ये उभी. एका हातात व्हिनेगर ओतलेले चिप्स, दुसऱ्या हातात आईने फॉइलमध्ये बांधून दिलेला धपाट्याचा तुकडा, आणि दोन्हींवर शेलची बारीक कचकच. ब्रायन धपाट्याला ‘हॉट पॅनकेक’ म्हणायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा लावून खायचा.

आई कधी आली नाही. तिचा दिवस पहाटे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणण्याने सुरू व्हायचा, आणि म्हटलेलं ती पाळायचीसुद्धा. तिच्याबरोबर राहणाऱ्यांना याचा जरा जाचच होता. दारावर काही विकायला माणूस आला आणि मी आतून म्हटलं, “मी सांगते ना, घरात मोठं कोणी नाही,” तर ती स्वतः पदर खोचून दारात जायची आणि म्हणायची, “आय अ‍ॅम होम. बट आय डोन्ट वॉन्ट.” खोटं बोलायला तिची जीभच वळत नसे. स्टॉक कारबद्दल तिचं म्हणणं एकच होतं, “माणसांनी माणसांना धक्के मारायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, यात कसली आलीय करमणूक?” पण रविवारी सकाळी धपाट्याचं पीठ मळताना तिचा हात कधी आखडला नाही, आणि ब्रायनसाठी दोन जास्तच असायचे.

बाबांकडे याचं उत्तर होतं आणि ते त्यांनी आमच्या बौद्ध मंडळाच्या हॉलमध्ये वंदनेनंतरच्या चहाला अनेकांना ऐकवलेलं आहे. स्टॉक कारच्या टपाला रंग असतो. नवखा, किंवा वर्षानुवर्षं काही न जिंकलेला, त्याचा टप पांढरा. थोडे पॉइंट मिळवले की पिवळा, मग निळा, आणि पट्टीच्या ड्रायव्हरांचा लाल. शर्यत सुटताना पांढरे सगळ्यांत पुढे उभे करतात आणि लाल सगळ्यांत मागे. “बघा,” बाबा कपबशी हातात धरून म्हणायचे, “ज्याला आजवर काही मिळालं नाही त्याला पुढे उभं करतात. आणि कोणी मेरिटच्या नावाने गळा काढत नाही. लाल टपवाला मागून येतो, धमक असेल तर जिंकतो.” एकदा एक काका म्हणाले, “पण हरिभाऊ, मागून येणारा पुढच्याला धडक देऊनच जातो ना?” बाबा म्हणाले, “ते तिकडे आपल्या देशातही होतंच की हो. इथे निदान हेल्मेट देतात.” काका हसायचं की नाही या विचारात पडले. मी मात्र चहा नाकातून येईपर्यंत हसले आणि आईने मला डोळे वटारले.

नोव्हेंबर लागला की सगळं बंद. ते चार महिने बाबा कसेबसे काढायचे. ब्रायनने कुंपणाशी टेपरेकॉर्डर धरून इंजिनांचा आवाज भरून घेतला होता. जानेवारीतल्या रविवारी, चार वाजताच बाहेर अंधारून आलं की बाबा पुढच्या खोलीत ती कॅसेट लावून डोळे मिटून बसायचे. कोणत्या वळणावर कोणाची गाडी आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं, असा त्यांचा दावा होता. एका रविवारी आमच्या घरी वंदनेला बरीच माणसं जमली होती, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून. बाबांनी वंदनेची कॅसेट समजून बटण दाबलं आणि शांत खोलीत पंचवीस इंजिनं एकदम सुटली. एक म्हाताऱ्या बाई तरीही हात जोडून, डोळे मिटून तशाच बसून राहिल्या, बहुतेक आपल्याला माहीत नसलेली ही काही नवी पद्धत असेल म्हणून. आई त्यानंतर दोन दिवस बाबांशी बोलली नाही. बाबांनी मात्र प्रेसमध्ये जाऊन ही गोष्ट रंगवून रंगवून सांगितली.

परवा माझी नात फोनवर कसलासा व्हिडिओ बघत बसली होती. मी एजवेअरला राहते, ती शनिवारी माझ्याकडे असते. “आजी, हा गाडी वरती यलो का आहे?” तिने विचारलं. मी चष्मा लावून पाहिलं, तर तेच अंडाकृती मैदान, तोच चुरा. मी तिला टपांचे रंग सांगायला लागले आणि पिवळ्यापाशी येऊन मला पुढे बोलता येईना. तिने आपलं गुपचूप पाणी आणून दिलं. तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं.

बाबांचा माणूस होता टॉमी. भंगारच्या यार्डात काम करणारा, चाळिशी ओलांडलेला, टकलू, दिसायला अगदी गरीब. मी बघायला लागल्यापासून त्याचा टप पांढराच होता. सगळ्यांत पुढे उभा राहायचा आणि तिसऱ्या फेरीपर्यंत सगळे त्याला ढकलून निघून गेलेले असायचे. शर्यत संपली की बाबा पिटमध्ये, गाड्या दुरुस्तीला उभ्या असत तिथे, जाऊन त्याचा खांदा थोपटून यायचे, जणू तोच जिंकलाय. त्या वर्षी सीझन संपता संपता टॉमीला कसे कोण जाणे दोन-तीन बरे नंबर मिळाले आणि पुढच्या सीझनला त्याचा टप पिवळा होणार हे नक्की झालं. बाबांचा तो हिवाळा या एका गोष्टीवर गेला. जेवताना मध्येच म्हणायचे, “निळी गाडी आहे त्याची. निळ्यावर पिवळा खुलून दिसेल, नाही?” आई म्हणायची, “वरण घेता का?” ते म्हणायचे, “आता एक रांग मागे उभा राहील. पण बघ, निभावेल तो.” मार्चमधल्या पहिल्या शर्यतींना सगळे ‘ओपनर’ म्हणत. आमच्या घरी बाबांच्या तोंडी तो शब्द दिवाळीसारखा असायचा.

त्याच हिवाळ्यात त्यांचा खोकला बळावला. आधी सर्दी, मग छापखान्याची धूळ, मग ‘जरा एक्स-रे काढून बघू’. फुफ्फुसातलं दुखणं फार पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. माझं ते ओ लेव्हलचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष होतं, मला सगळंच कळलं. पण “वीक्स, नॉट मन्थ्स” एवढं इंग्रजी आईलाही कळत होतं. बाबांनी डॉक्टरांना थँक यू म्हटलं. बसस्टॉपवर उभे असताना ते म्हणाले, “ओपनर मार्चच्या मध्यावर आहे. तेवढा बघायचाय मला.” आईने त्यांच्या मफलरची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली. 

मग ते घरीच असायचे. त्यांचा पलंग खाली पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला. हॉलमधली माणसं येऊन बसायची, धम्मावर बोलायची, बाबा ऐकून घ्यायचे आणि ती गेली की मला विचारायचे, “ब्रायनचा काही निरोप?” ब्रायनने सगळी तयारी चालवली होती. व्हीलचेअर मिळवली होती, कुंपणाच्या अगदी जवळ व्हॅन उभी करायची परवानगी काढली होती. घरी तपासायला येणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, कोरडी हवा असेल आणि नीट गुंडाळून नेलं तर का नाही? आईने माझ्यामार्फत तिला तीनदा विचारलं, “आणि धूळ? धुळीचं काय?” नर्स म्हणाली, तोंडाला मास्क लावा, आणि मग आईच्या दंडाला हात लावून म्हणाली, “लेट हिम हॅव इट, डिअर.” आईने मान हलवली. शनिवारी तिने बाबांचे दोन स्वेटर रेडिएटरवर गरम करायला ठेवले आणि धपाट्याचं पीठ काढलं. मला वाटलं, चला, हिला पटलं एकदाचं.

रविवार उजाडला तो लख्ख. वॉटफर्डला मार्चमध्ये असं ऊन म्हणजे चैनच. शेजारच्या बाईने कपडे बाहेर वाळत घातले होते. रात्र मात्र वाईट गेली होती. बाबा खोकून खोकून निळे पडले होते आणि पहाटे कुठे डोळा लागला होता. मी जिन्यात बसून बूट घालत होते तेव्हा फोन वाजला. आईने उचलला. ती फोन सहसा उचलत नसे. “ब्रायन? ही इज स्लीपिंग,” ती म्हणाली. “नो कम टुडे. यू गो. यू गो, प्लीज.” रिसीव्हर ठेवून ती पुढच्या खोलीत गेली. बाबा जागे होते, उशीला टेकून बसायचा प्रयत्न करत होते. आई त्यांच्या पायांवरची रजाई सारखी करत म्हणाली, “ब्रायनचा फोन होता. तिकडे पाऊस झाला म्हणे रात्री. पाणी साचलंय मैदानात. रद्द केलं.”

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारणीच्या चादरींवर ऊन पडलं होतं. बराच वेळ ते तिकडेच बघत होते.

“असं का,” ते म्हणाले. “बरं.”

स्वयंपाकघरात मी आईला धरलंच. दार लावून घेतलं, आवाज दाबला. “तू खोटं बोललीस. तू!”

“हो. बोलले.”

“नर्स हो म्हणाली होती. तूही मान हलवली होतीस. त्यांना फक्त एक गोष्ट हवी होती, आई.”

आईने मळलेलं पीठ ताटलीखाली झाकून ठेवलं. “मलाही एकच हवीय,” ती म्हणाली. “तो माणूस आणखी आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर. थंडीत, धुळीत नेलं तर तिकडेच काही झालं असतं. मग? तू परत आणून दिला असतास का मला तो?”  मी दार आपटून वर गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. आज मी तेव्हाच्या आईपेक्षा कितीतरी मोठी आहे, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मीही त्याच्या उशाशी बसले आहे, आणि आता मला तिला दोष देणं जमत नाही. पण त्या दिवशी मी तिचा मनापासून द्वेष केला, आणि तोही खराच होता.

ती दुपार सरता सरेना. बाबांनी कॅसेट लावायला सांगितली नाही. शर्यती सुरू व्हायच्या वेळेला त्यांनी चहा मागितला आणि दोन घोट घेऊन कप बाजूला ठेवला. मी शेजारी बसले, तर म्हणाले, “अभ्यास कर.” पुस्तक उघडं धरून मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते खिडकीबाहेर. मधूनच त्यांची बोटं रजाईवर हलायची, जसा कोणी स्टीअरिंगवर ताल धरतो तशी. आई दारापर्यंत येऊन परत जात होती.

संध्याकाळी दारात व्हॅन थांबली. ब्रायन आला तो सरळ स्टेडियममधूनच, डोक्यापासून पायापर्यंत शेलने माखलेला, फक्त गॉगलच्या जागी डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं. आई दारात आडवी उभी राहिली, “ही इज स्लीपिंग, ब्रायन,” पण आतून बाबांचा आवाज आला, सकाळपासून ऐकला नव्हता इतका मोठा, “ब्रायन! कम इन, मेट!”

ब्रायन पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. “सॉरी यू मिस्ड इट, हॅरी. युअर मिसेस सेड यू वेअर स्लीपिंग.” मग तो सांगत सुटला, काय गर्दी होती, कसं ऊन होतं, ट्रॅक कसा हाडासारखा कोरडा होता. आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. एवढं इंग्रजी तिला कळत होतं. ती उंबऱ्यातच थांबली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वाईट म्हणजे किती वाईट वाटावं, सकाळची मी आणि आत्ताची मी यांत काही ताळमेळच राहिला नाही.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “यस, मेट,” ते ब्रायनला म्हणाले, “आय वॉज व्हेरी टायर्ड टुडे.” मग मराठीत, अगदी नेहमीच्या आवाजात, “उभी का राहिलीस? ठेव तो ट्रे. बस इथे माझ्याजवळ. काय काय झालं ते ऐक तरी.”

आई पलंगाच्या कडेला बसली. ब्रायनची बोली भराभर, अर्धे शब्द गिळलेली; त्यातलं तिला सगळं कळणं शक्य नव्हतं. तो दोन वाक्यं बोलायचा, बाबा त्याला हाताने थांबवायचे आणि आईला मराठीत सांगायचे. मध्ये दम लागायचा, ते थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. टॉमीचा पिवळा टप उन्हात कसा चमकत होता. पहिल्या शर्यतीत तो दुसऱ्याच वळणावर कुंपणात गेला.

“कोणी ढकललं?” आईने विचारलं.

“लाल टपवाल्याने. मागून आला.”

“मेल्याला दिसत नव्हतं का पुढे माणूस आहे ते? लागलं का टॉमीला?”

ब्रायनने विचारलं, “व्हॉट्स शी सेइंग?” बाबांनी सांगितलं. ब्रायन हसला, छे, गाडीतून उतरून हात हलवत गेला, म्हणाला. बाबांनी ते आईला सांगितलं. “घरी कोण आहे त्याला?” आईने विचारलं. हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना ते विचारावंसं वाटलं नव्हतं, आणि आईला ते पहिल्या पाच मिनिटांत हवं होतं. बाबा हसले, हसता हसता खोकला आला, आईने पाठीवरून हात फिरवला, भांडं धरलं, तोंड पुसलं. ब्रायन उठायला लागला तर बाबांनी त्याला हाताने बसवलं. “फायनल,” ते म्हणाले. “टेल हर द फायनल.”

फायनलपर्यंत टॉमीच्या माणसांनी त्याची गाडी ठोकून ठोकून सरळ केली होती. तो पिवळ्यांच्या रांगेत उभा राहिला. फेऱ्यांमागून फेऱ्या लाल टपवाले त्याच्या मागे लागलेले आणि तो कोणाला पुढे जाऊ देईना. बाबा सांगत होते आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. “मग? मग?” ती विचारत होती, आणि मी तिला असं काही विचारताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. टॉमी पाचवा आला. इतक्या वर्षांत इतका वर तो कधी आला नव्हता. “पाचवा!” बाबा म्हणाले आणि डोकं उशीला टेकवून, डोळे मिटून त्यांनी एक मोठा श्वास घेतला. जेवढा घेता येत होता तेवढा.

 ब्रायनच्या कोटावरची धूळ गालिच्यावर पडली होती, आणि आई तिकडे बघतही नव्हती. तिने बाबांचा हात हातात घेतला होता. ब्रायनसमोर, माझ्यासमोर. असं ती कधी करत नसे.

“आता पुढच्या शर्यती कधी?” तिने विचारलं.

बाबांनी डोळे उघडले. ब्रायनला वाटलं त्यांना पुन्हा दम लागलाय. “व्हॉट्स शी आस्किंग, हॅरी?”

“नेक्स्ट मीटिंग,” बाबा म्हणाले.

“ईस्टर मंडे, लव्ह,” ब्रायनने थेट आईलाच सांगितलं, मोठ्याने, सावकाश. “यू कम, यस?”

एवढं समजायला आईला कोणाची गरज नव्हती. तरी ती बाबांकडेच बघत राहिली. बाकी सगळं त्यांनीच सांगितलं होतं, हेही त्यांनीच सांगावं म्हणून. बाबांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. 

“ईस्टरला आहेत,” ते म्हणाले. “तू जा. ब्रायन नेईल तुला.”

 मी मनात म्हणत होते, म्हण ना, आपण सगळे जाऊ म्हण, काय बिघडतं. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली, मग तिने मान वर केली.

“जाईन,” ती म्हणाली.